गोष्ट सांगणाऱ्याचं नाव काय?

भाचीनं पुस्तक अर्ध्यावर थांबवलं, पलंगावर उलटं ठेवलं आणि विचारलं, "मामा, ह्या मुलाचं नाव काय?"

"फ्रीडरिश. कव्हरवरच आहे की."

"तो नाही रे. जो गोष्ट सांगतोय, तो."

मी पानं चाळली. नाव नव्हतं. हे पुस्तक मी आधी दोनदा वाचलं होतं आणि माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. ती तेरा वर्षांची आहे. तिला एका बैठकीत दिसलं.

पुस्तक आहे हान्स पेटर रिख्टर या जर्मन लेखकाचं 'फ्रीडरिश'. मूळ जर्मन १९६१चं. पुढे इंग्रजीत आलं आणि त्या अनुवादाला १९७२मध्ये अमेरिकेतला बॅचेल्डर पुरस्कार मिळाला. एका इमारतीत दोन कुटुंबं राहतात. वरच्या मजल्यावर ज्यू श्नायडर, खाली आपला बिननावाचा निवेदक आणि त्याचे आईबाबा. दोन्ही मुलं १९२५मध्ये आठवड्याभराच्या अंतरानं जन्मलेली. प्रत्येक प्रकरणाच्या नावासोबत साल दिलंय. १९२५ला सुरू होतं, १९४२ला संपतं. प्रकरणं इतकी छोटी की बसस्टॉपवर उभ्याउभ्या एखादं वाचून होईल. पण सलग चार वाचली की घशात काहीतरी अडकतं.

होलोकॉस्ट आणि लहान मुलं म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' आठवतो. जॉन बॉइनची २००६ची कादंबरी, २००८चा सिनेमा. मीही तो बघून ढसाढसा रडलोय, लपवत नाही. पण नंतर एक गोष्ट टोचत राहिली. शेवटी आपण कोणासाठी रडतो? छावणीच्या नाझी कमांडंटच्या मुलासाठी. तो 'चुकून' आत गेला म्हणून. श्मुएलचं तिथं असणं मात्र आपण कथेचा भाग म्हणून आधीच पचवलेलं असतं. शिवाय आउश्वित्झला आणलेल्या बहुतेक ज्यू मुलांना पोचल्या दिवशीच गॅस चेंबरमध्ये मारलं जायचं. कुंपणाशी बसून रोज गप्पा मारणारा नऊ वर्षांचा मुलगा तिथं कुठून येणार? बॉइननं तिला 'फेबल' म्हटलंय, ठीक आहे. पण होलोकॉस्टचा इतिहास शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं, असं २०२०मध्ये आउश्वित्झ स्मारकानंच जाहीरपणे सांगितलं.

'फ्रीडरिश'मध्ये छावणी दिसतच नाही. दिसतो तो जिना, अंगण, शाळा, पोहण्याचा तलाव. तलावावरचा माणूस कपडे परत देताना फ्रीडरिशचं ओळखपत्र सगळ्यांना दाखवतो आणि तो ज्यू आहे हे ओरडून सांगतो. आजूबाजूला नुसती पोरं. मारहाण नाही, रक्त नाही. तरी भाचीनं तिथं "शी!" म्हणून पुस्तक मिटलं होतं.

पण खरा घाव नोव्हेंबर १९३८च्या प्रकरणात आहे. ज्यूंची दुकानं, घरं, सिनेगॉग फोडली जात होती, ते दिवस. आपला निवेदक शाळेतून घरी येताना गर्दीत सापडतो. आधी नुसता बघतो. मग एक हातोडा त्याच्या हाती लागतो. मग एक काच फुटते. मग त्याला मजा येऊ लागते. मजा! रिख्टर हे कुठलंही स्पष्टीकरण न देता लिहितो. थकल्यावर मुलाला फुटक्या आरशात स्वतःचा चेहरा दिसतो आणि तो घरी पळतो. त्याच संध्याकाळी जमाव वर श्नायडरांचं घर फोडतो, तेव्हा हाच मुलगा आईसोबत रडतो.

"म्हणजे तो वाईट आहे?" भाचीनं विचारलं. मी मामागिरी करत काहीतरी लांबलचक बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मला तो आवडत होता ना आत्तापर्यंत." माझ्या सगळ्या भाषणापेक्षा हे वाक्य मोठं होतं. बॉइनचा ब्रुनो आपल्याला शेवटपर्यंत आवडू शकतो, कारण त्याला काही कळतच नाही. रिख्टर आपल्याला ती सोय देत नाही. तो स्वतः १९२५चाच, कोलोनचा, पुढे सैन्यात गेलेला, युद्धात एक हात गमावलेला. निवेदकाला त्यानं नाव का दिलं नसेल, याचा अंदाज मला इथं येतो.

निवेदकाच्या बाबांचं काय? ते भला माणूस आहेत. बरेच दिवस बेकार होते. पक्षात गेल्यावर दिवस बरे आले. तेच श्नायडरांना कळवळून सांगतात की देश सोडून जा. पक्षाचं सभासदत्व मात्र सोडत नाहीत. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच माणसात आहे.

म्हणूनच घरमालक रेश माझ्या नजरेत कादंबरीचं कमजोर अंग आहे. हवाई हल्ल्याच्या रात्री तो फ्रीडरिशला तळघरात घेत नाही. बॉम्ब पडत असताना मुलगा दारावर हात आपटत असतो. आतल्यांना कळवळा येतो, एक सैनिक रेशशी भांडतोही, पण रेश ऐकत नाही. सगळं पाप रेशच्या अंगावर ढकललं की बाकीचे सुटतात. तो इतका नीच आहे की त्याचा तिरस्कार करणं सोपं जातं. रिख्टरनं त्याला थोडा साधा माणूस ठेवला असता, तर ते दार अजून जड झालं असतं. श्नायडरही जरा जास्तच सोशिक, जास्तच चांगले आहेत. चिडका, कंजूष, भांडखोर ज्यू शेजारी असता तरी त्याला तळघरात जागा मिळायलाच हवी होती की!

पुस्तकाच्या शेवटी ज्यूंविरुद्धच्या कायद्यांची आणि हुकमांची तारीखवार यादी आहे. मी ती दोन्ही वेळा ओलांडून गेलो होतो. भाची मात्र त्या पानांवर बोट ठेवून बसली. सप्टेंबर १९३५, न्यूरेंबर्गचे कायदे. नोव्हेंबर १९३८, ज्यू मुलांना जर्मन शाळा बंद. सप्टेंबर १९४१, सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूनं कपड्यावर पिवळा तारा लावायचा. तिनं बोटांवर हिशोब केला. १९३८मध्ये फ्रीडरिश तेराचा. दुसरा पण.

"मामा, हे सगळे नियम कोणीतरी ऑफिसात बसून टाइप केले असतील ना? जेवणाच्या सुट्टीच्या आधी?"

मग तिनं पुस्तक उलटं करून परत पहिलं प्रकरण काढलं.