‘लोकांनी’ म्हणजे नेमकं कोणी?

पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्यात मी प्रश्न लिहिला होता : ‘सार्वजनिक सेवांसाठी लोकांनी जास्त कर भरावा का?’ मार्गदर्शकांनी ‘लोकांनी’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि कागद परत दिला. तेव्हा राग आला होता. आज तोच गोल तुम्हाला दाखवतोय.

प्रश्नात खोट काय? तो सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात बांधतो. आपल्या राज्याचंच उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा हवा होता. त्यासाठी १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर लावला. पगारदाराचा पैसा खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या मजुराच्या मजुरीसाठी गेला. कराच्या रकमेइतकीच भर सरकारने घालायची, असंही ठरलं. इथवर उत्तर सरळ ‘हो’ वाटतं.

आता पगाराची स्लिप बघा. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. याहून जास्त घेताच येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच ही मर्यादा आहे. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून २५०० झाली आणि तिथेच थांबली. म्हणजे महिना २० हजार मिळवणारा सुरक्षारक्षक २५०० भरतो, आणि पाच लाख मिळवणारा अधिकारीही २५००च. शंभर रुपयांमागे एकाचा साधारण एक रुपया जातो, दुसऱ्याचे चार पैसे!

तुम्ही म्हणाल, अधिकारी आयकरही भरतो ना? भरतो. पण रक्षकही मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरतोच, अगदी अधिकाऱ्याइतकाच. म्हणून एकच कर पाहून निष्कर्ष काढू नका. सगळ्या करांचा भार एकत्र मोजा.

माझं मत विचाराल, तर चांगल्या सेवांसाठी कर वाढायला हवा. पण तो वरच्या उत्पन्नगटाचा. व्यवसाय करात तो वाढवायचा, तर आधी घटनेतली मर्यादा हलवावी लागेल. हे मत कुणाला खोडता येईल, कारण त्यात ‘कोण’ आणि ‘कोणता कर’ आहे. माझ्या जुन्या प्रश्नाला मात्र कोणीही काहीही उत्तर दिलं असतं, तरी ते चाललं असतं.

तेव्हा आराखडा जमा करण्याआधी पेन्सिल घ्या. तुमचा ‘लोकांनी’ कुठे लपलाय ते शोधा.