गॉसिप, बातमी आणि विश्वासार्हता

सिनेमावाल्यांची लफडी छापणारे नियतकालिक दिसले की 'सगळे खोटे' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा शेरा तपासून पाहण्यासारखा आहे. २५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सनच्या निधनाची बातमी मोठ्या वृत्तसंस्थांच्या आधी दिली ती 'टीएमझेड' या गॉसिप संकेतस्थळाने, आणि ती खरी निघाली. उलट 'नॅशनल एन्क्वायरर'वर अभिनेत्री कॅरल बर्नेट हिने भरलेला बदनामीचा खटला तिने १९८१ मध्ये जिंकला. एकाच जातीची दोन प्रकाशने, पण निकाल वेगळा.

आपल्याकडे १९७१ मध्ये 'स्टारडस्ट' निघाले. शोभा राजाध्यक्ष (पुढे शोभा डे) त्याच्या पहिल्या संपादक. त्यातला मजकूर वाचताना वाचक मनातल्या मनात निम्मी सूट देत असे. हा एक प्रकारचा अलिखित करारच होता. खरा घोटाळा झाला तो गॉसिपने बातमीचा पोशाख चढवल्यावर.

जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत यांचा मुंबईत मृत्यू झाला. त्यांचे शेवटचे ट्वीट म्हणून 'आज तक'ने काही मजकूर दाखवला. तो बनावट होता. नोएडाच्या फिल्म सिटीतून चालणारी ही वाहिनी काही गल्लीतले पत्रक नव्हे. ऑक्टोबर २०२० मध्ये एनबीएसए या वाहिन्यांच्याच स्वनियमन संस्थेने तिला जाहीर माफी मागायला लावली आणि एक लाख रुपये दंड केला. संस्थेचे म्हणणे साधे होते: खातरजमा आधी करायची, प्रक्षेपण नंतर. पत्रकारितेच्या पहिल्या तासिकेत शिकवतात तेवढेच.

त्या काळात 'सूत्रांच्या हवाल्याने' खुनाचे अनेक तर्क रंगले. दिल्लीच्या एम्समधील वैद्यकीय मंडळाने खुनाची शक्यता फेटाळली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. दरम्यान रिया चक्रवर्ती यांना पडद्यावर दोषी ठरवून झाले होते. 'सूत्र' हा शब्द इथे माहितीचा उगम सांगत नाही, जबाबदारी झाकतो. माझ्या मते या साऱ्या प्रकारातली सर्वांत घातक सवय हीच.

आणि दंडाचे काय? ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एक लाखाच्या रकमेवर प्रश्न उपस्थित केला: दंड त्या कार्यक्रमातून मिळालेल्या नफ्याच्या प्रमाणात नको का? स्वनियमनाची ही बाजू लंगडी आहे, हे मान्य करावे लागते. शिवाय संस्थेचे सदस्यत्व ऐच्छिक. जी वाहिनी सदस्य नाही तिच्यावर तिचा अधिकार चालत नाही.

यूट्यूबवाल्यांना तर एवढाही धाक नाही. २० एप्रिल २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला अमिताभ बच्चन यांच्या शाळकरी नातीच्या बाजूने आदेश द्यावा लागला. ती अत्यवस्थ आहे, इतकेच काय, ती वारली, असे सांगणारे व्हिडिओ फिरत होते. गुगलला ते हटवायला सांगण्यात आले.

मात्र मरणाची घाई फक्त यूट्यूबवाल्यांनाच असते असे नाही. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी कित्येक नामांकित माध्यमांनी धर्मेंद्र यांचे निधन झाल्याचे जाहीर केले. ते हयात होते. वडिलांची प्रकृती स्थिर आहे, हे मुलगी ईशा देओल हिला इन्स्टाग्रामवर लिहून सांगावे लागले. धर्मेंद्र गेले ते २४ नोव्हेंबरला.