बुकप्लेट आणि तिचा ग्रंथ

ग्रंथाच्या पुठ्ठ्याच्या आतील बाजूस चिकटविलेले स्वामित्वदर्शक छापील चित्र, म्हणजेच बुकप्लेट, स्वतंत्र कलाकृती म्हणून पारखावी काय? न्यूरेंबर्गचा पंडित विलिबाल्ड पिर्कहाइमर याच्या ग्रंथांसाठी त्याचा मित्र आल्ब्रेख्ट ड्यूरर याने सोळाव्या शतकाच्या आरंभी केलेला काष्ठठसा या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात पिर्कहाइमरचा भूर्जवृक्ष व त्याच्या पत्नीच्या माहेरची जलपरी ही कुलचिन्हे शेजारी-शेजारी आहेत. हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीन भाषांत एकच वचन आहे. शिवाय ग्रंथ आपल्यासाठी व मित्रांसाठी असल्याचे लॅटिन शब्दही आहेत. रेषेचे सामर्थ्य व मांडणीचा तोल सुट्या कागदावरही प्रत्ययास येतो, हे खरे. परंतु ‘मित्रांसाठी’ हा शब्द सार्थ होतो, तो ग्रंथ मित्राच्या हाती उघडला जातो तेव्हाच. या संग्रहाचा मोठा भाग १६३६ मध्ये अरुंडेलच्या अर्लने विकत घेतला, १६६७ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला आणि पुढे विखुरला. अशा परागंदा ग्रंथाचे मूळ घर सांगणारी साक्ष या चित्रातच असते. हौशी संग्राहक ते भिजवून सोडवितो, तेव्हा चित्र वाचते. पण ग्रंथ निनावी होतो आणि चित्रही मुके होते. म्हणून बुकप्लेटचे रसग्रहण ग्रंथासहच व्हावयास हवे.