नव्वद आणि एकोणनव्वद

यंदा, म्हणजे २०२५ साली, ८ मेच्या पहाटे पॅरिसमधली मॅच संपली तेव्हा आमच्या घरात दोघंच जागे होतो. मी आणि माझा एकोणीस वर्षांचा चुलतभाऊ. पीएसजीनं आर्सेनलला आधी लंडनमध्ये १-० आणि आता स्वतःच्या मैदानावर २-१ असं हरवून चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमधून घरी पाठवलं होतं. ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास साकासमोर जवळजवळ रिकामा गोल होता. त्यानं बॉल बारवरून मारला. मी सवयीनं बोलून गेलो, "इथं हेन्री असता तर..."

भावानं टीव्ही बंद केला. म्हणाला, "दादा, हेन्री क्लब सोडून गेला तेव्हा मी एक वर्षाचा होतो. तुम्ही लोकं मला माझी टीम आवडूच देईना झालाय."

मला राग आला. एवढ्या रात्री, एवढ्या हारीनंतर हे ऐकून घ्यायची तयारी नव्हती. शिवाय कोल्हापुरात ही खोड काही मी एकट्यानं लावून घेतलेली नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला साठीचा कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल की आताच्या पोरांत पूर्वीची रग राहिली नाही. पण झोप येईना, म्हणून फोन काढला आणि त्याला गप्प करण्यासाठी आकडे शोधायला लागलो. गप्प मलाच बसावं लागलं.

२००३-०४ची आर्सेनल, जिला सगळे 'इन्व्हिन्सिबल्स' म्हणतात, ती लीगमध्ये एकही मॅच हरली नाही. ३८ मॅच, २६ विजय, १२ बरोबरी, ९० गुण. ७३ गोल केले, २६ खाल्ले. मिकेल आर्तेताची २०२३-२४ची टीम: २८ विजय, ५ बरोबरी, ५ पराभव, ८९ गुण. ९१ गोल केले, २९ खाल्ले. फरक एका गुणाचा. पहिल्या टीमसाठी सोन्याची खास ट्रॉफी घडवली गेली, दुसरीला काहीच मिळालं नाही, कारण मँचेस्टर सिटीनं त्या वर्षी ९१ गुण मिळवले. म्हणजे २००४ची ती अजिंक्य टीम तिच्या ९० गुणांसकट २०२४च्या तक्त्यात टाकली, तर तीही दुसरीच येते. एकही मॅच न हरता दुसरी!

हे गणित थोडं लबाडीचं आहे, मान्य. दर वर्षीची लीग वेगळी, पैसा वेगळा, समोरचे वेगळे. पण 'ऐनवेळी कच खाणारी टीम' हे विशेषण आपण ज्या सहजतेनं आजच्या पोरांना चिकटवतो, त्याला हा एक गुण चांगलाच टोचतो. २००४च्या एप्रिलमध्ये याच अजिंक्य टीमनं चार दिवसांत दोन स्पर्धा घालवल्या होत्या. ३ तारखेला एफए कपच्या सेमीफायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडकडून आणि ६ तारखेला चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टरफायनलमध्ये चेल्सीकडून, तेही स्वतःच्या हायबरीवर, ८७व्या मिनिटाच्या गोलनं. हे आज कुणी मीममध्ये घालत नाही.

का घालत नाही? मी बारा वर्षांचा होतो. केबलवर ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्स लागायचं, पण टीव्ही एकच आणि घरात माणसं नऊ. त्या हंगामातल्या पूर्ण नव्वद मिनिटांच्या मॅच मी फार तर सात-आठ पाहिल्या असतील. बाकी सगळा हेन्री मी नंतर पाहिला, यूट्यूबवर, आणि आता रीलवर. त्यात तो कधी ऑफसाइड सापडत नाही, त्याचा पास कधी चुकत नाही, कुणी बॅकपासवर कंटाळत नाही. उलट आर्तेताची टीम मी सहा वर्षं पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बघतोय. एकीचे फक्त सणाचे दिवस माहीत आहेत, दुसरीचा रोजचा संसार. ही तुलना कशी व्हायची?

मग मी जुन्या मॅच पूर्ण बघायला घेतल्या. अख्खा मे महिना त्यात गेला. काही गोष्टी रीलपेक्षाही भारी निघाल्या. चेल्सीकडून हरल्यावर तिसऱ्याच दिवशी, गुड फ्रायडेला, लिव्हरपूलविरुद्ध हाफटाइमला १-२ मागे, आणि मग पिरेसचा गोल, पाठोपाठ हेन्रीनं हामान आणि कॅरागरला मागे टाकून मारलेला गोल. मॅच ४-२. त्या पंधरा-वीस मिनिटांत टीमला आपण अख्खा हंगाम वाचवतोय हे कळलेलं असतं, आणि ते बघताना वीस वर्षांनीही अंगावर काटा येतो. पण सप्टेंबर २००३मध्ये पोर्ट्समथशी १-१ झाली, त्यात पिरेसला मिळालेली पेनल्टी आज व्हीएआरपुढे टिकली असती असं मला वाटत नाही. आणि पुढच्याच आठवड्यात ओल्ड ट्रॅफर्डवर शेवटच्या क्षणी व्हॅन निस्टलरॉयची पेनल्टी बारला लागली. बार दोन इंच वर असता तर 'इन्व्हिन्सिबल्स' हा शब्दच जन्माला आला नसता.

हे सगळं मी कौतुक कमी करायला सांगत नाहीये. मुद्दा असा की आपण चुकीच्या पूर्वजाशी तुलना करतोय. आर्तेता वेंगरच्या हाताखाली खेळला, कॅप्टन झाला, म्हणून आपण त्याच्या टीमला वेंगरच्या घरातली समजतो. मैदानावर बघितलं तर तिचा चेहरा दुसऱ्याच माणसाशी मिळतो: जॉर्ज ग्रॅहम.

ग्रॅहमची १९९०-९१ची टीम ३८पैकी एकच मॅच हरली आणि सबंध हंगामात १८ गोल खाल्ले. अठरा! मागे सीमन, पुढे डिक्सन, बोल्ड, ॲडम्स, विंटरबर्न. ऑफसाइडसाठी एकदम वर जाणारे त्यांचे हात तर प्रसिद्धच आहेत. ती शिस्त किती खोल होती ते बघा: कॅप्टन टोनी ॲडम्स दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल हंगामाच्या मध्यात तुरुंगात गेला, तरी बचाव ढासळला नाही. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या हाणामारीबद्दल दोन गुण कापले गेले, तरी लीग जिंकली. बोल्ड तेव्हा लीगच्या सगळ्या मॅच खेळला, जसा २०२३-२४मध्ये सलिबा खेळला. बोल्डनं जवळच्या पोस्टवर डोक्यानं बॉल सरकवायचा आणि मागून कुणीतरी घुसवायचा, हा त्यांचा कॉर्नर. आज राइस किंवा साका बॉल आत वळवतात, गोलकीपरभोवती गर्दी उभी असते आणि गाब्रिएल डोकं घालतो. सप्टेंबर २०२४मध्ये सिटीच्या मैदानावर ट्रोसार्डला बाहेर काढल्यावर दहा जणांनी अख्खा सेकंड हाफ जो किल्ला लढवला (शेवटी स्टोन्सनं ९८व्या मिनिटाला बरोबरी साधलीच), तो वेंगरच्या कुठल्या टीमकडून झाला असता? ग्रॅहमच्या टीमकडून झाला असता, आणि बहुतेक तो शेवटचा गोलही गेला नसता.

आता यातली गंमत. ग्रॅहमची टीम म्हटलं की 'कंटाळवाणी' हा शब्द ठरलेला. पण १९९०-९१मध्ये त्या टीमनं केलेले गोल होते ७४. इन्व्हिन्सिबल्सपेक्षा एक जास्त. त्याआधी १९८८-८९मध्ये, ज्या वर्षी शेवटच्या दिवशी ॲनफिल्डवर दोन गोलनं जिंकायचं होतं आणि मायकेल थॉमसनं अगदी शेवटी तो दुसरा गोल केला, त्या वर्षीचे गोल ७३. हेन्रीच्या टीमइतकेच, तेवढ्याच मॅचमध्ये. मला हे माहीत नव्हतं. तीनदा तपासलं.

मग 'कंटाळवाणी' आलं कुठून? पुढच्या दोन वर्षांतून. १९९१-९२मध्ये ४२ मॅचमध्ये ८१ गोल होते. १९९२-९३मध्ये तेवढ्याच मॅचमध्ये ४०. एका वर्षात निम्मे. इयान राइटसारखा गोल करणारा टीममध्ये असूनही! थॉमस लिव्हरपूलला गेला होता, रोकासलला लीड्सला विकलं, मधल्या फळीतून कल्पना हळूहळू गायब झाली आणि उरला तो बचाव आणि राइटच्या दिशेनं मारलेला लांब बॉल. टीम दहावी आली. त्याच वर्षी एफए कप आणि लीग कप दोन्ही जिंकले, पुढच्या वर्षी कोपनहेगनमध्ये पार्माला १-० हरवून युरोपातला कपही आणला, त्यामुळे तेव्हा ही घसरण फारशी कुणाच्या डोळ्यांत आली नसावी. मला ती हेन्रीच्या आठवणीपेक्षा जास्त घाबरवते.

कारण आर्तेताच्या टीमचे लीगमधले गोल बघा: २०२२-२३मध्ये ८८, मग ९१, आणि आत्ता संपलेल्या हंगामात ६९. हरलो फक्त चार मॅच. चॅम्पियन लिव्हरपूलही चारच हरलं. पण आपण १४ मॅच बरोबरीत सोडल्या. लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्या आपल्या माणसाचे, हावर्ट्झचे, गोल ९. हेन्रीचे २००३-०४मध्ये ३० होते.

दुखापती झाल्या हे खरं आहे. साका तीन महिन्यांहून जास्त बाहेर, ओडेगार्डचा घोटा, येझुसचा गुडघा, हावर्ट्झची मांडी. फेब्रुवारीत मिडफिल्डर मेरिनोला स्ट्रायकर करून खेळवावं लागलं आणि त्या बापड्यानं लेस्टरला जाऊन दोन गोलही केले. पण सगळं नशिबावर ढकलून चालणार नाही. जानेवारीत एकही फॉरवर्ड विकत घेतला नाही, हा निर्णय होता. स्मिथ रोला फुलहॅमला विकलं, हाही निर्णय होता. क्लबच्याच अकादमीतून आलेला, टर्न घेऊन पुढे बघणारा पोरगा होता तो. मला रोकासल आठवला, जरी रोकासलला मी कधी खेळताना पाहिलेलं नाही.

आणि डावी बाजू! जुन्या टीमशी तुलना करायचीच असेल तर इथं करा. २००४मध्ये कोल, पिरेस आणि हेन्री डावीकडे एकमेकांच्या जागा घ्यायचे. बचाव करणाऱ्याला कळायचंच नाही कुणाला धरायचं. हेन्री आणि पिरेस या दोघांचे मिळून ४४ गोल त्यातूनच आले. २०२२-२३मध्ये झिंचेन्को, झाका, मार्तिनेली हे तिघं त्याच्या जवळ जाणारं काहीतरी करत होते. मार्तिनेलीचे तेव्हा १५ गोल होते, आता ८. झाका गेला, त्याच्या बाजूला राइस आला. राइस त्याच्याहून मोठा खेळाडू आहे यात वाद नाही, रियाल माद्रिदला मारलेल्या त्या दोन फ्री किकनंतर तर नाहीच. पण डावीकडचं ते तिघांचं बोलणं बंद झालं. आता सगळा खेळ उजवीकडे, ओडेगार्ड आणि साकाकडे, आणि समोरच्या प्रत्येक टीमला हे पाठ आहे. दोघं-तिघं साकाभोवती उभे करायचे आणि आपण कॉर्नर मिळवायचा. कॉर्नरवर गोल होतो म्हणून कुणाला घाई नाही. मला वाटतं ग्रॅहमच्या टीमचंही असंच होत गेलं असणार: एक गोष्ट इतकी चांगली जमायला लागते की दुसरी करून बघायची गरजच वाटत नाही.

हे माझं आर्तेतावरचं गाऱ्हाणं. हेन्री नसल्याचं नाही.

मेच्या शेवटी भावाला म्हणालो, चल, एक मॅच पूर्ण बघू. १५ मे २००४, लेस्टर, हंगामातली शेवटची. न हरण्याचा विक्रम पूर्ण होतो ती मॅच. तो नाखुशीनंच बसला. लेस्टर लीगमधून खाली घसरलेली टीम, आणि २६व्या मिनिटाला डिकॉव्हनं, आर्सेनलच्याच जुन्या खेळाडूनं, गोल केला. हाफटाइमला आर्सेनल ०-१ मागे. इकडून तिकडे पास, मग मागे पास. भावानं फोनमधून मान वर काढली.

"ही माणसं पण आपल्यासारखीच खेळत्यात की."

सेकंड हाफ सुरू झाला, हेन्रीनं पेनल्टीवर बरोबरी केली. मग ६६व्या मिनिटाला बर्गकँपनं दोन माणसांच्या मधून असा काही पास दिला की व्हिएरा थेट गोलकीपरसमोर. त्यानं कीपरला वळसा घातला आणि बॉल आत ढकलला. भावानं मॅच मागे घेतली. पुन्हा पास. पुन्हा मागे. गोलपर्यंत जातच नव्हता, पास झाला की थांबवायचा.

"हा किती वर्षांचा होता तेव्हा?"

"पस्तीस."

त्यानं मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. "ओडेगार्ड आत्ताशी सव्वीसचा आहे," म्हणाला, आणि चौथ्यांदा मागे घेतलं.