नृत्याचा वेष आणि शिवलेलें लुगडें

गेल्या हिवाळ्यांत पडघ्यास एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाण्याचा योग आम्हांस आला. मुंबईहून नाशिकाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें गांव. यंत्रमागांची भिवंडीही येथून फारशी लांब नाहीं. कार्यक्रमांत आठ मुलींची एक लावणी होती. मुली तयारीच्या होत्या, पायांतील चाळ तालावर पडत होते. परंतु आमचें लक्ष वारंवार त्यांच्या वेषाकडे जात होतें. लुगडीं नऊवारी दिसत होतीं खरीं, पण तीं नेसलेलीं नव्हतीं. निऱ्या आधींच टाचलेल्या, कासोटा शिवणीनें पक्का केलेला, कंबरेला नाडी. विजारीसारखे पाय घालून वर ओढावयाचें, कीं काम झालें! आमच्या शेजारीं बसलेल्या एक आजीबाई हळूच म्हणाल्या, "हें नेसणें नव्हे हो, घालणें झालें." आम्हीं तत्काळ मान डोलावली. मात्र घरीं परतल्यावर ती मान इतक्या लौकर डोलावली हें बरें केलें कीं काय, अशी शंका मनांत आली.

कारण नृत्याच्या वेषाचा इतिहास पाहूं गेल्यास ज्यास आपण परंपरा म्हणतों तिची पुष्कळदां केवळ अडचणच झालेली दिसते. युरोपांतील बॅले हें नृत्य राजवाड्यांत वाढलें. सन १६५३ मध्यें फ्रान्सचा चौदावा लुई 'रात्रीचें बॅले' नांवाच्या प्रयोगांत सोनेरी सूर्याचा वेष घेऊन नाचला, तेव्हां तो अवघा चौदा वर्षांचा होता. त्या वेषाचा हेतु नृत्य नव्हता. राजा कोण हें दरबाऱ्यांच्या डोळ्यांत भरावें, हा होता. पॅरिसच्या ऑपेरांत सन १६८१ मध्यें धंदेवाईक नर्तकी आल्या, तोंपर्यंत तेथें स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. पण स्त्रिया आल्या म्हणून त्यांचे पाय मोकळे झाले असें नाहीं. भुईपर्यंत लोळणारे जड झगे, टांचेचे जोडे, पुढें पुढें तर झग्याखालीं फुगवट्याचा सांगाडा, आणि पुष्कळदां तोंडावर मुखवटा! अशा स्थितींत पाय काय करितात हें प्रेक्षकांस दिसणार कसें?

मेरी कामार्गो ही सन १७२६ मध्यें पॅरिसच्या रंगभूमीवर आली. तिचें पदलाघव असामान्य होतें, आणि तें लोकांना दिसावें म्हणून तिनें झगा घोट्याच्या वर घेतला असें सांगतात. बोटें-दोन बोटें कापड तें काय, पण त्यावरून केवढा गहजब झाला! तिची प्रतिस्पर्धी मेरी साले हिनें सन १७३४ मध्यें लंडनांत याहून धीट पाऊल टाकलें. 'पिग्मेलियन' या बॅलेंत ती सांगाडा टाकून, केंस मोकळे सोडून, साध्या मलमलींत उभी राहिली. पुढें नोव्हेर यानें सन १७६० मध्यें प्रसिद्ध केलेल्या पत्रांतून मुखवट्यांवर कडक टीका केली, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मुखवटे मागें पडूं लागले. सन १८३२ मध्यें 'ला सिल्फीद' मध्यें तालिओनी पांढऱ्या तलम झग्यांत अवतरली, आणि तोच वेष बॅलेची ओळख होऊन बसला.

पण सुटसुटीतपणासाठीं आलेला हा वेषही लवकरच पूज्य झाला. तालिओनीचीच शिष्या एम्मा लिव्री हिच्या झग्याला सन १८६२ मध्यें तालमीच्या वेळीं दिव्याची ज्योत लागली व पुढील वर्षीं ती मरण पावली. कापडास आग धरूं नये म्हणून एक द्रावण तेव्हां उपलब्ध होतें; परंतु त्यानें झगा ताठ व मळकट दिसतो म्हणून तिनें तें नाकारलें होतें. हें वाचतांना आमच्या अंगावर कांटा आला.

आतां आपल्याकडे वळूं. कामार्गोला ज्यासाठीं निंदा सोसावी लागली, तें आमच्या लावणीवालीला नऊवारीनें फुकटांत दिलें होतें. कासोट्यामुळें पाय दोन्हीकडे मोकळे, अंग झांकलेलें, आणि तेंच लुगडें शेतांत, घरांत व फडावरही चालणारें. नृत्याचा व कष्टाचा वेष एकच असणें ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. संगीत नाटकांनीं मात्र दुसरी वाट धरली. बालगंधर्वांच्या शालूंची व दागिन्यांची नक्कल घराघरांतून झाली. सन १९१६ च्या 'स्वयंवरा'तील त्यांच्या रुक्मिणीच्या वैभवाविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि तो वेष उभें राहून गाणाऱ्या पात्राचा होता, नाचणाऱ्याचा नव्हे. आजच्या संमेलनांतल्या लावणीनें पाय फडावरून घेतले, आणि कापड या दुसऱ्या घराण्यांतून उचललें. चकाकणारें, ताठ, जरीच्या नकलेनें जड झालेलें!

म्हणून शिवणीवर आमचा तितका राग नाहीं. आठ मुलींना अर्ध्या तासांत तीन नाच करावयाचे असतात; नाडीनें त्यांचें काम हलकें होत असेल तर कामार्गोच्या कात्रीला जो न्याय, तोच शिंप्याच्या सुईलाही दिला पाहिजे. आमची तक्रार निराळी आहे. नेसलेलें लुगडें ज्या अंगावर चढेल त्या अंगाचें होतें. बारीक असो, स्थूल असो, तें तिच्याच मापानें बसतें. शिवलेलें लुगडें भाड्यानें येतें व त्याचें माप आधींच ठरलेलें असतें. त्या आठांतली डावीकडची तिसरी मुलगी सर्वांत चांगली नाचत होती, आणि तीच सारा वेळ एका हातानें कंबर धरून होती. लावणींत हात हा अर्धा अभिनय. तो तिचा नाडी सांभाळण्यांतच गेला.

पडदा पडल्यावर ती मुलगी आजीबाईंजवळ आली. ती त्यांचीच नात निघाली. आजींनीं तिची नाडी आवळून दिली व म्हणाल्या, "पुढच्या वर्षीं माझें लुगडें ने. नेसवायला मी येतें." मुलीनें विचारलें, "सुटलं तर?" आजी म्हणाल्या, "अग, भाताची लावणी करतांना कधीं सुटलं नाहीं तें!"