दोन कृतींचा हिशेब

टॉन्सिल काढल्यावर रक्तस्राव कोणाला होतो आणि का, या प्रश्नावर उभा असलेला ‘नॅशनल प्रॉस्पेक्टिव्ह टॉन्सिलेक्टमी ऑडिट’ हा २००५ चा ब्रिटिश अहवाल मला नितळ वैद्यकीय विचाराचा उत्तम नमुना वाटतो. त्याचा उगम धास्तीत आहे. ‘मॅड काऊ’शी जोडलेला मेंदूविकार अवजारांतून पसरेल या भीतीने २००१ मध्ये इंग्लंडात टॉन्सिलसाठी एकदाच वापरून टाकायची अवजारं आली. रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. मग जुलै २००३ ते सप्टेंबर २००४ या काळात इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या ३३,९२१ रुग्णांची नोंद झाली.

अहवालाचं सौंदर्य त्याच्या मांडणीत आहे. एरवी ही शस्त्रक्रिया विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या नावाने ओळखली जाते: उष्णतेने काम करणाऱ्या डायथर्मीची, कोब्लेशनची. इथे तिच्या दोन कृती वेगळ्या केल्या आहेत, टॉन्सिल सोडवणं आणि रक्त थांबवणं. आणि प्रत्येकीत उष्णता वापरली का, हे पाहिलं आहे. दोन्ही कामं उष्णतेशिवाय, साध्या अवजारांनी आणि दोऱ्याच्या गाठींनी झाली तिथे रक्तस्राव सर्वांत कमी. फक्त रक्त थांबवायला डायथर्मी, तिथे जास्त. दोन्हीकडे उष्णता, तिथे सुमारे तिप्पट. धोका असा पायरीपायरीने चढतो, म्हणूनच निष्कर्ष पटतो.

मोठ्यांसाठी हे वाचन अधिक मोलाचं आहे, कारण त्यांच्यात रक्तस्राव मुलांपेक्षा जास्त होतो. टॉन्सिलचं वेष्टन आणि घशाचा स्नायू यांच्यामधल्या सैल थरातून सर्जन वाट काढतो. वर्षानुवर्षं घसा धरत आला असेल तर तो थर चिकटून बसतो. अशा वेळी उष्णतेचा मोह होणारच, कारण टेबलावर रक्त कमी दिसतं. पण जखमेवरची खपली साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी सुटते, रक्तस्राव तेव्हाही होऊ शकतो, आणि तेव्हा रुग्ण घरी असतो.

या ऑडिटमध्ये पद्धत चिठ्ठ्या टाकून ठरवलेली नव्हती, ज्या त्या सर्जनने आपल्या हातची निवडली. ही मर्यादा खरीच. तरीही या अहवालाने रुग्णाच्या हाती एक नेमका प्रश्न दिला आहे. ‘कोणतं मशीन वापरता?’ एवढ्यावर न थांबता त्याने सर्जनला विचारावं, ‘डॉक्टर, रक्त कशाने थांबवणार?’