एकदा लिहा, सगळीकडे जुळवा

१९९५च्या मे महिन्यात अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी जगापुढे आल्या. २० तारखेला नॉर्वेतल्या हावार्ड नॉर्ड आणि आयरिक शांब-एंग यांचे 'क्यूट' हे फ्रेमवर्क आणि २३ला सन मायक्रोसिस्टिम्सची 'जावा'. पहिल्याचे मूळ साधे होते. अल्ट्रासाउंड प्रतिमांचा एक प्रोग्राम युनिक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालायला हवा होता. जावाने मात्र ब्रीदच मिरवले : एकदा लिहा, कुठेही चालवा. प्रोग्रामरांनी त्याचे लगेच 'एकदा लिहा, सगळीकडे चुका शोधा' असे करून टाकले.

ही थट्टा मला अपुरी वाटते. चुका सापडतात आणि दुरुस्तही होतात. खरी अडचण सवयींची आहे. जावाचा पहिला संच, एडब्ल्यूटी, प्रत्येक प्रणालीकडून तिचीच बटणे मागून घेई. साहजिकच सर्वांकडे समाईक असेल तेवढेच हाती लागे. पुढे १९९८च्या जावा १.२मध्ये 'स्विंग' आले. त्याने बटणे स्वतः रंगवली. ती सगळीकडे सारखी दिसली आणि म्हणूनच सगळीकडे परकी. क्यूटही स्वतःच रंगवते, पण स्थानिक वळणाची नक्कल करत. विंडोजवर 'ओके' डावीकडे आणि 'कॅन्सल' उजवीकडे; मॅकवर होकार उजव्या टोकाला. क्यूटमध्ये या क्रमासाठी वेगळी सोय आहे. मला तीच त्याची सर्वांत प्रामाणिक जागा वाटते, कारण तिथे फरक पुसलेला नाही, मान्य केलेला आहे.

काही फरक तर पडद्यावर दिसतच नाहीत. माझा एक प्रोग्राम विंडोजवर महिनाभर सुरळीत चालला आणि लिनक्सवर पहिल्याच मिनिटाला अडला. चित्राच्या फाइलच्या नावात एक अक्षर मोठ्या लिपीतले होते. विंडोजला त्याचे सोयरसुतक नव्हते, लिनक्सला होते. फ्रेमवर्क बिचारे गप्प.

मराठी वाचकाने या साऱ्याकडे का पाहावे? जे फ्रेमवर्क पडदा स्वतः रंगवते, त्याला अक्षरही स्वतःच जुळवावे लागते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला रफार कुठे चढतो आणि कुठे आडवा होतो, हे आता बहुतेक ठिकाणी 'हार्फबझ' हा मुक्त संच सांभाळतो. क्यूट तो वापरते, गूगलचे 'फ्लटर'ही वापरते. हे काम उत्तम झाले आहे, यात शंका नाही.

पण 'ल' आणि 'श' घ्या. युनिकोडमध्ये या दोघांना एकेकच क्रमांक आहे. मराठी वळण आणि हिंदी वळण यांतली निवड फाँट करतो, आणि तीही मजकूर मराठी आहे असे कोणी सांगितले तरच. इंग्रजी मांडणीच्या अ‍ॅपमध्ये मराठी कविता टाकली, भाषेची खूण दिली नाही, की लिनक्स असो वा अँड्रॉइड, 'ल' हिंदी वळणाचा उमटतो. इथे फ्रेमवर्कने आपले वचन तंतोतंत पाळलेले असते : सगळीकडे एकसारखे. खूण द्यायची सोयही बहुतेकांत असते. ती वापरायची आठवण मात्र कुठलेच फ्रेमवर्क करून देत नाही, आणि मराठी अ‍ॅप तपासताना मी आता सर्वांत आधी 'ल'च पाहतो.